जुन्या लुगड्याचं शिल्प: शिवायचं, गोंदात बुडवायचं की सिमेंटात?

आजीची दोन सुती लुगडी, सायकलच्या तारा, एक तुटकी फणी. एवढ्यावर शिल्प करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कापड उभं कसं राहणार?

माझा कल शिवण्याकडे. लुगड्याच्या बोटभर पट्ट्या फाडायच्या, चुंबळीसारखा पीळ द्यायचा, तारेच्या सांगाड्यावर आवळत न्यायचं आणि दाभणाने सुतळी ओढून घ्यायची. बोटं सोलवटतात, वीतभर आकृतीला दोन-तीन संध्याकाळी जातात. पण चुकलं तर उसवता येतं, आणि काठ, ठिगळ, कुणीतरी कधीकाळी घातलेला धावदोरा दिसत राहतो. नुसती गाठ किती भार पेलते हे मृणालिनी मुखर्जींच्या कामात पाहा. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या या शिल्पकर्तीने वाखाच्या दोरांना गाठी मारमारून माणसाहून उंच आकृती उभ्या केल्या.

पांढऱ्या गोंदाचं काम झटपट. गोंद आणि पाणी साधारण निम्मंनिम्मं, त्यात कापड बुडवायचं, निथळायचं, सांगाड्यावर सोडायचं. पदराची चुणी जशी पडली तशीच कडक होते; हे सुईला जमत नाही. मात्र एकदा वाळलं की माघार नाही. मी हा उद्योग ऐन जुलैत केला. तिसऱ्या दिवशीही कापड बोटांना चिकटत होतं, वर आतल्या लोखंडी तारेचा गंज पांढऱ्या पदरावर तांबूस फुटला. तारेला आधी रंग द्या, किंवा जस्ताचा मुलामा असलेली घ्या. गोंदाऐवजी खळ स्वस्त, पण झुरळांची मेजवानी. बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात ते त्यासाठीच. मोरचूद विषारी, घरात लहान मूल असेल तर नकोच.

सिमेंट फक्त अंगणासाठी. रंग, वीण, काठ सगळं त्यात गाडलं जातं, मग लुगडं कशाला, गोणपाट चालेल. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये (१९७६ पासून लोकांना खुलं) ती बाग टाकाऊ वस्तूंतून घडवणाऱ्या नेकचंद यांनी सिमेंटच्या पुतळ्यांवर फुटक्या बांगड्या जडवल्या. चिंध्यांच्या आकृती त्यांनी वेगळ्या केल्या.

लुगडं एकच असेल तर सुई घ्या. गोंदाची हौस शिंप्याकडच्या कात्रणांवर भागवा. आणि काहीही करा, कापड आधी धुऊन कडक उन्हात वाळवा; घडीत कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, असली तर शिल्पात पहिला मुक्काम तिचाच.