रविवारचा रोस्ट घरी करायचाय? कोंबडी, बीफ, पोर्क की लँब

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरात वर्ष-दीड वर्षात ही वेळ येतेच. शेजाऱ्यांनी कधीतरी रविवारी जेवायला बोलावलेलं असतं, त्यांना उलट बोलवायचं असतं, आणि बिर्याणी एकदा खाऊ घालून झालेली असते. मग ठरतं, या वेळी त्यांच्याच पद्धतीचा रोस्ट करू, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं मांस, सोबत बटाटे, भाज्या आणि ग्रेव्ही. आणि सुपरमार्केटात मांसाच्या कपाटासमोर उभं राहिलं की पाय अडतो. (ही खरेदी शनिवारीच उरका. १९९४ च्या कायद्यामुळे इंग्लंड-वेल्समध्ये मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात. सकाळी दहाला दुकानात शिरलात तर दीडला पानं वाढून होणार नाहीत.)

बहुतेक लोक चवीवरून ठरवतात. मी दोन गोष्टी बघते: हा जॉइंट (भाजायचा मांसाचा मोठा तुकडा) माझा एकुलता एक ओव्हन किती वेळ अडवून बसणार, आणि माझी चूक किती पोटात घालणार.

ओव्हनचं भांडण असं आहे. मांसाला साधारण १६० ते १९० अंश लागतात. बटाट्यांना २०० च्या वर पाऊण तास तरी हवा. यॉर्कशायर पुडिंगला (हे गोड नव्हे; मैदा, अंडी, दुधाच्या पिठाचं फुगलेलं खारं पुडिंग) २२० अंश, वीस-पंचवीस मिनिटं, आणि मध्ये दार उघडलं तर फुगलेलं पुडिंग जागीच बसतं. (पंख्याचा ओव्हन असेल तर सगळीकडून २० अंश वजा करा.) हे तिघं एकाच पेटीत नांदवायचे, हीच खरी परीक्षा. मांस हा त्यातला सोपा भाग.

पहिल्यांदा करणाऱ्याला सगळे सांगतात, कोंबडी घे. स्वस्त असते, सगळ्यांना चालते, हे खरं. दीड-पावणेदोन किलोची कोंबडी चार जणांना पुरते. हिशेब किलोला ४५ मिनिटं अधिक वर २० मिनिटं, १९० अंशांवर. पण ती दिसते तितकी गरीब नाही. मांडीचं मांस शिजेपर्यंत छातीचं कोरडं पडायला लागतं. दहा मिनिटं इकडे-तिकडे झाली की कळतं. दहा-पंधरा पौंडांचा थर्मामीटर घ्या, मांडीच्या सगळ्यांत जाड भागात खुपसा, ७५ अंश दिसले की बाहेर काढा. आणि आपली सवय मोडून एक करा: कोंबडी नळाखाली धुऊ नका. इथली अन्नसुरक्षा संस्था तसं स्पष्ट बजावते, कारण उडालेल्या शिंतोड्यांबरोबर कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू ओटाभर पसरतो. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही.

बीफ हा इथला मानाचा रोस्ट. फ्रेंच लोक इंग्रजांना चिडवून 'रोस्बिफ' म्हणतात ते यावरूनच. यॉर्कशायर पुडिंग मुळात याच्या जोडीचं. पूर्वी ते ग्रेव्हीबरोबर आधीच वाढत, म्हणजे पोटं थोडी भरायची आणि महागाचं मांस पुरायचं. तोंडी लावायला हॉर्सरॅडिश या तिखट मुळाची चटणी, आपल्या फेसलेल्या मोहरीसारखी थेट नाकात जाणारी. पण आपल्या बऱ्याच घरांत बीफ येतच नाही. जिथे येतं तिथेही अडचण आहेच. टॉपसाइड (मागच्या पायाचा तुकडा) परवडतं, पण त्यात चरबी कमी, त्यामुळे जरा जास्त शिजलं की वहाण. रिब (बरगडीचा तुकडा) अप्रतिम, पण बिल बघून हात कापतो. शिवाय पाहुण्यांना आतून गुलाबी हवं असतं आणि ते गुलाबी बघून आपली माणसं चमचा खाली ठेवतात. पहिल्या खेपेला हा वाद टेबलावर कशाला?

पोर्क घेतलंत तर सगळी इभ्रत क्रॅकलिंगवर, म्हणजे वरच्या कुरकुरीत कातडीवर. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पाकिटातून काढून तसंच ओव्हनमध्ये सारलं. दोन तासांनी वर रबर. ती कातडी आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये उघडी ठेवून खडखडीत वाळवायची असते, मग मीठ चोळायचं, सुरुवातीचा अर्धा तास सणसणीत आच. जमलं तर सुरीच्या मुठीने टकटक वाजतं. मात्र येणाऱ्यांना पोर्क चालतं का, हे आधी विचारा.

माझं मत लँबला, म्हणजे कोकराच्या मांसाला. त्यातही पाय नको, खांदा घ्या. पाय दिसायला देखणा आणि कापायला सोपा, पण बीफसारखाच मिनिटांवर चालतो. खांद्यात चरबी आणि शिरा भरपूर. तासन् तास मंद आचेवर त्या विरघळतात आणि मांस मऊ राहतं. अर्धा तास जास्त झाला तरी तक्रार नाही.

दीडच्या जेवणासाठी दोन किलोचा हाडासकट खांदा सकाळी आठला आत टाका: लसणाच्या पाकळ्या खोचून, रोजमेरी, मीठ, मिरी, तळाशी पेलाभर पाणी, वर घट्ट फॉइल, १६० अंश. साडेबाराला बाहेर काढून फॉइल आणि जाड टॉवेलात गुंडाळून ठेवला की तासभर गरम राहतो. आणि तेवढा तासभर ओव्हन रिकामा! इथेच भांडण मिटतं.

बटाटे मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड जातीचे. आठ-दहा मिनिटं उकडायचे, पाणी निथळायचं, आणि झाकण ठेवून पातेलं जोरात हलवायचं. आधी खडखड आवाज येतो, मग तो बोथट होत जातो. झाकण उघडलं की कडा रव्यासारख्या खरबरीत झालेल्या दिसतात. हाच चुरा पुढे कुरकुरीत होतो. २२० वर आधीच तापवलेल्या तेलात ते सोडले की चर्र झालं पाहिजे. पाऊण-एक तासात तयार. शेवटच्या पंचवीस मिनिटांत वरच्या खणात यॉर्कशायर पुडिंग. बीफशिवाय पुडिंग? कर्मठ मंडळी नाक मुरडतील. मुलं मुरडत नाहीत.

गाजर, वाटाणे शेगडीवर. पुदिन्याचं सॉस हवंच, पण त्यात व्हिनेगर आणि साखर असते; चटणी समजून भसाभस घेऊ नका. ग्रेव्हीसाठी मांस भाजलेल्या ट्रेमधल्या रसावरची चरबी काढून घ्या. वेळ नसेल तर डब्यातले तयार ग्रेव्हीचे दाणे (ग्रॅन्यूल्स), लाज वाटून घेऊ नका.

कुणी शाकाहारी असेल तर नट रोस्ट (सुक्यामेव्याचा भाजलेला वडीसारखा ठोकळा) तयार मिळतो, पण बटाटे हंसाच्या चरबीत तळून 'व्हेज आहे' म्हणू नका. हे मी एका घरी झालेलं पाहिलंय. आणि दोघंच असाल तर एवढा खटाटोप करू नका, सरळ पबमध्ये जा.

सासूबाई आल्या होत्या तेव्हा हाच खांदा केला. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "मऊ झालंय गं, पण तू हळद विसरलीस." मी काही बोलले नाही. सोमवारी उरलेल्या हाडांवर त्यांनीच कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलं, आणि तो रस्सा आदल्या दिवशीच्या जेवणापेक्षा लवकर संपला.