टिगोर ईव्ही की पेट्रोल सेडान: कोटेशनवरची खरी तफावत

बॉडी एकच आणि इंजिन वेगळं असेल, तर बॅटरीचे नेमके किती पैसे मोजतोय ते कळतं. टाटा टिगोर पेट्रोलवरही आहे आणि ईव्हीतही. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी कपातीनंतर पेट्रोल टिगोर एक्स-शोरूम ५.४९ लाखांपासून सुरू झाली, ईव्ही १२.४९ ते १३.७५ लाखांत. पण ५.४९ शी तुलना करणं चूक आहे. ईव्हीला गिअर बदलावे लागत नाहीत, त्यामुळे समोर पेट्रोलचं ऑटोमॅटिक, वरचं मॉडेलच ठेवायचं. हिशेबाला ते आठ लाख आणि ईव्ही १२.४९ लाख धरू.

आता कोटेशनमधली आरटीओची ओळ बघा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ८८ हजार. ईव्हीला तो माफ. ४.४९ लाखांचा फरक इथेच ३.६१ वर येतो. विम्यात मात्र ईव्ही थोडं परत घेते: थर्ड पार्टीत १५ टक्के सवलत आहे खरी, पण ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम आयडीव्हीवर, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीवर निघतो आणि ईव्हीची आयडीव्हीच मोठी. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेता आगाऊ घेतो तो आयकर) लागतो. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो. बेरीज करताना तो बाजूला काढा.

चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल सेडानवर आधी सेससह २९ टक्के कर होता, आता १८. ईव्हीवर तेव्हाही ५ आणि आताही ५. छोट्या सेडानपुढे ईव्ही महाग वाटायला लागली ती यामुळे.

मोठ्या सेडानचं गणित अगदी वेगळं. होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हर्टस, स्कोडा स्लाव्हिया चार मीटरपेक्षा लांब, म्हणून जीएसटी ४० टक्के आणि १० ते २० लाखांच्या गटात रोड टॅक्स १२ टक्के. १५ लाखांच्या सेडानला आरटीओचेच १.८० लाख. म्हणजे विमा सोडला तर १६.८० लाखांची ईव्ही तिच्या बरोबरीला येते, आणि ४५ किलोवॅट-तासाची नेक्सॉन ईव्ही याच पट्ट्यात आहे (ती सेडान नाही, हे मान्य). गाडी कंपनीच्या नावावर घेत असाल तर पेट्रोलला रोड टॅक्स थेट २० टक्के. तिथे ईव्हीच घ्यावी.

टिगोर ईव्हीत डिकीही घटते: पेट्रोलला ४१९ लिटर, ईव्हीला ३१६. बाकीची जागा बॅटरीने घेतलीय.

चार्जिंगची जोडणी किमतीत धराच. १५ अँपिअरच्या सॉकेटवर २६ किलोवॅट-तासाची बॅटरी भरायला साडेनऊ तासांच्या आसपास लागतात, आणि तेवढा वेळ सॉकेट जवळपास पूर्ण लोडवर चालतो. जुना, सैल सॉकेट अशाने तापून वितळतो. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा लोड आला की बंद होणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की बंद होणारा स्विच) घ्या. प्लग लावूनही चार्जिंग सुरू होत नसेल तर गाडीला दोष देण्याआधी अर्थिंग तपासा. जुन्या सोसायट्यांत पार्किंगमधल्या सॉकेटला अर्थिंग नावापुरतंच असतं आणि चार्जर ते ओळखून बंद पडतो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या, आणि हे काम डिलिव्हरीच्या आधी उरका.