घरच्या पूलसाठी थेंब मोजायचं क्लोरीन किट: उन्हाळा आणि पावसाळा वापरून झाल्यावर

गुहागरकडे वाडीला लागून आमचं होमस्टे आहे आणि त्यात साधारण ४५ हजार लिटरचा पूल. पाहुण्यांची मुलं मे महिन्यात सकाळपासून पाण्यातच असतात. त्यामुळे क्लोरीनचा आकडा मला अंदाजावर सोडायचा नव्हता आणि म्हणून टेलर कंपनीचं के-२००६ हे किट मागवलं. आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्यावर काढल्यावर सविस्तर लिहिते आहे.

पूलवाल्यांकडे सर्रास मिळतं ते पिवळा रंग येणारं ऑर्थोटोलिडिनचं किट. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीच्या आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो ती हीच. पिण्याच्या पाण्यात ०.२ पीपीएम (म्हणजे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन शिल्लक आहे ना, एवढं बघायला ती चांगलीच आहे. पूलमध्ये मात्र ती अपुरी पडते, कारण ती एकूण क्लोरीन दाखवते. जंतू मारायला मोकळं असलेलं फ्री क्लोरीन किती आणि घाम-लघवीतल्या अमोनियाला चिकटून बसलेलं किती, हे तिच्यातून कळत नाही. पाहुणे म्हणतात, ‘डोळे चुरचुरतात, क्लोरीन जास्त झालंय वाटतं.’ बहुतेक वेळा तो त्रास आणि तो उग्र वास या चिकटलेल्या क्लोरीनचाच असतो आणि फ्री क्लोरीन उलट कमी पडलेलं असतं.

पाण्यात बुडवून रंग बघायच्या तपासणी-पट्ट्यांबद्दल एवढंच सांगते की आपल्या हवेत त्या टिकत नाहीत. डबी चार वेळा उघडली की दमट हवा आत जाते आणि एकाच पाण्यात बुडवलेल्या दोन पट्ट्या दोन रंग दाखवतात. गुलाबी रंग जुळवायचं डीपीडी किट त्यापेक्षा बरं, पण तिथेही अडचण डोळ्यांची. आमच्याकडे वाडीचं आणि पूलचं काम बघणारे दादा नळी उजेडात धरून विचारायचे, ‘वहिनी, दोन म्हणू का तीन?’ मला तीन वाटायचं, घरच्यांना पाच. आणखी एक धोका म्हणजे क्लोरीन फारच वाढलं, साधारण १० पीपीएमच्या वर गेलं, की डीपीडीचा गुलाबी रंगच उडतो. पाणी बिनरंगी दिसतं, म्हणून माणूस क्लोरीन संपलं समजून आणखी ओततो.

नव्या किटमध्ये रंग जुळवायचाच नसतो, थेंब मोजायचे असतात. १० मिली पाणी घ्यायचं, त्यात दोन चमचे डीपीडीची पावडर टाकून नळी गोल फिरवायची, की पाणी गुलाबी होतं. मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब सोडत फिरवत राहायचं. गुलाबी फिका होत जातो आणि एका थेंबाला एकदम पाणी स्वच्छ होतं. एक थेंब म्हणजे ०.५ पीपीएम. आठ थेंब लागले तर फ्री क्लोरीन ४. २५ मिली पाणी घेतलं तर एक थेंब ०.२ चा, पण घरच्या पूलला १० मिली पुरे. पावडर टाकल्यावर गुलाबी चमकून लगेच गेला, तर क्लोरीन खूप आहे असं समजायचं आणि पावडर आणखी टाकायची. स्वच्छ झालेल्या पाण्यात तिसऱ्या बाटलीचे पाच थेंब टाकले आणि पुन्हा गुलाबी आला, तर ते चिकटलेलं क्लोरीन. तेही तसंच थेंबांनी मोजायचं. ते ०.५ च्या वर जायला लागलं की काहीतरी करायला हवं.

आता दादा मोजोत, मी मोजो की मुलगी मोजो, फरक फार तर एका थेंबाचा येतो. मला हेच हवं होतं.

पण किट कितीही चांगलं असलं, तरी पाणी घेण्याची रीत ठरलेली नसेल तर आकडे नाचतच राहतात. आम्ही पाणी नेहमी एकाच जागेवरून घेतो, खोल बाजूच्या मधोमध. पंपाचं पाणी परत येतं त्या तोंडापासून आणि स्किमरपासून (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडापासून) लांब. हात कोपरापर्यंत आत घालून, नळी उलटी नेऊन आत सुलटी करायची, कारण वरच्या थरातलं क्लोरीन उन्हाने आधीच उडालेलं असतं. नळी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची. बाटली सरळ उभी धरायची. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात आणि सगळी मोजणी थेंबावर आहे. नळीवर बोट ठेवून हलवायचं नाही, कारण बोटाचा घाम पीएचच्या चाचणीत हमखास घोळ घालतो. वेळही एकच: आम्ही सूर्य मावळल्यावर मोजतो, रात्रीचा डोस टाकण्याआधी.

खरा उलगडा मात्र याच किटमधल्या सायन्युरिक ॲसिडच्या चाचणीने झाला. हे ॲसिड क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, पण फार झालं तर त्यालाच जखडून ठेवतं. बाजारात मिळणाऱ्या ट्रायक्लोरच्या (क्लोरीनच्या) गोळ्या प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम सायन्युरिक पाण्यात सोडतात. आमच्या पूलमध्ये २०० ग्रॅमची गोळी म्हणजे क्लोरीन ४ ने वाढतं आणि सायन्युरिक २.४ ने. रोज एक गोळी विरघळली, तर महिन्यात सत्तरच्या वर! क्लोरीन संपतं, हे संपत नाही. थोडं हवंच, ३० ते ५० पर्यंत, नाहीतर कोकणातल्या उन्हात क्लोरीन दुपारपर्यंत टिकत नाही. पण ते शंभराकडे गेलं की फ्री क्लोरीनचा आकडा ३ दिसतो आणि पाणी तरी हिरवं पडतं. म्हणून आता गोळ्या कमी आणि द्रवरूप हायपोक्लोराइट (कॅनमध्ये मिळणारं पातळ क्लोरीन) जास्त. १० टक्क्यांचं असेल तर ४५० मिलीला आमचं १ पीपीएम वाढायला हवं. वाढलं नाही, तर कॅन उन्हात राहून कमजोर झाला आहे हे तेव्हाच कळतं. (गोळ्या आणि हायपोक्लोराइट एका खोलीत ठेवू नका आणि एकत्र तर कधीच करू नका.)

पावसाळ्यात चित्र पालटतं. एका दिवसात १०० मिमी पाऊस पडला, तर १.४ मीटर खोल पूलमधलं सुमारे ७ टक्के पाणी बदलतं, आणि पूल वाहिला की सायन्युरिक आणि अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच स्थिर ठेवणारे क्षार) दोन्ही उतरतात. आषाढात म्हणूनच दोन्ही दर आठवड्याला तपासले. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरतं. जांभ्यातल्या बोअरचं पाणी भरत असाल, तर त्यातलं लोह आधी क्लोरीन खातं आणि पाणी चहासारखं दिसू लागतं, त्या दिवशीचा आकडा गृहीत धरू नका.

उणिवा आहेतच. किट महाग आहे, आणि परदेशी असल्यामुळे पावडर-थेंब संपल्यावर लगेच दुकानात मिळत नाहीत. सायन्युरिकच्या चाचणीत पाणी गढूळ होतं आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा; ती वेळ पकडणं अवघड जातं. आम्ही सूर्याकडे पाठ करून, नळी अंगाच्या सावलीत धरून बघतो आणि दोनदा वाचतो. सगळ्या बाटल्या पंपघरात न ठेवता घरात, कपाटात, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, म्हणून पावडरचे खडे झाले नाहीत. पंपघरातली वाफ आणि ॲसिडचा धूर दोन्ही तिला मारक. फक्त स्वतःच्या घरापुरता छोटा पूल असेल आणि आठवड्यातून एकदाच पोहणं होत असेल, तर साधं डीपीडी किटही चालेल. पाहुणे येत असतील तर हेच घ्या, आणि पावडर मार्चमध्येच मागवून ठेवा, मे महिन्यात ती दुप्पट लागते.