टाइम मशीनचा नासवरचा बॅकअप बिघडला: दुरुस्ती की नवी सुरुवात?

टाइम मशीन ही मॅकची अंगभूत बॅकअप सोय; नास म्हणजे घरच्या नेटवर्कवरची साठवणपेटी. बॅकअपच्या पडताळणीनंतर मॅक ‘नवा बॅकअप तयार करावा लागेल’ म्हणतो, तेव्हा बहुधा नासवरच्या स्पार्सबंडलमधली (बॅकअप साठवणाऱ्या डिस्क-इमेजमधली) फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी, बिघडलेली असते. लिहिणं चालू असताना वाय-फाय तुटणं किंवा लॅपटॉप मिटणं, ही नेहमीची कारणं.

दुरुस्तीसाठी आधी स्वयंचलित बॅकअप बंद करा. टर्मिनलमधून ‘एचडीआययूटिल’ (hdiutil) या डिस्क-इमेज हाताळणाऱ्या आज्ञेने स्पार्सबंडल माउंट न करता (फाइली न उघडता) जोडा आणि आतल्या विभागावर ‘एफएससीके’ (fsck) ही तपासणी-दुरुस्तीची आज्ञा चालवा: जुन्या बॅकअपला एचएफएस-प्लस या जुन्या फाइल सिस्टिमची आवृत्ती, मॅकओएस बिग सरपासून नव्याने सुरू केलेल्याला एपीएफएस या नव्या फाइल सिस्टिमची. मग बंडलमधल्या मशीन आयडीच्या पीलिस्टमध्ये (सेटिंग्जच्या plist फाइलमध्ये) पडताळणीची स्थिती (VerificationState) २ वरून ० करा. हे करायचं राहिलं तर दुरुस्त बॅकअपही मॅक नाकारतो. फायदा एकच, पण मोठा: जुना इतिहास वाचतो. मात्र नेटवर्कवरून तपासणीला रात्र लागू शकते, आणि एपीएफएसच्या बाबतीत यशाची खात्री कमीच.

नव्या सुरुवातीत डोकेदुखी नाही. जुनं बंडल पुसू नका, फक्त त्याचं नाव बदला. जागा मात्र दुपटीने लागेल. पहिला पूर्ण बॅकअप नेटवर्क केबलवरूनच करा. गिगाबिट नेटवर्कवर ५०० जीबी कागदावर साधारण सव्वा तासाचं काम. टाइम मशीन मुद्दाम संथ चालतं, म्हणून प्रत्यक्षात कितीतरी जास्त.

जुन्या फाइली लागणार नसतील तर दुरुस्तीत वेळ घालवू नये. नासवर बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमचे स्नॅपशॉट (ठरावीक वेळी टिपून ठेवलेल्या स्थिती) असतील, तर बिघाडाआधीचं बंडल परत आणणं दोन्हींपेक्षा सोपं.