दोन एस्पेरान्सा: कोणती कोणाच्या हाती द्यावी?

दोन इंग्रजी कादंबऱ्या, दोन्हींच्या नायिकांचं नाव एस्पेरान्सा, म्हणजे स्पॅनिशमध्ये आशा. त्यामुळे पुस्तक सुचवताना घोळ होतो.

सँड्रा सिस्नेरोस यांचं 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' (१९८४) बारीकसं: शिकागोतली वस्ती, ४४ छोटे तुकडे. जाडी बघून दहा वर्षांच्या मुलीला देऊ नका. आत लैंगिक अत्याचार आहे, घरातली मारहाण आहे. चौदाच्या पुढे द्या. रोज तीन-चार तुकडे, जमल्यास मोठ्यानं वाचून.

पॅम मुन्योझ रायन यांचं 'एस्पेरान्सा रायझिंग' (२०००) जाड, तरी नऊ-दहापासून चालतं. १९३० च्या सुमारास मेक्सिकोतल्या जमीनदाराची लेक कॅलिफोर्नियातल्या मजूर छावणीत येते. साधा झाडू धरता येत नाही, बघणारे हसतात. मुलं इथेच अडकतात, चांगल्या अर्थानं. बहुतेक प्रकरणांना द्राक्षं, पपया, कांदे अशी स्पॅनिश नावं. वडिलांचा खून सुरुवातीलाच होतो, हळव्या मुलांना आधी सांगा.