जुलाबाच्या रुग्णाला ओआरएस द्यावे की शहाळ्याचे पाणी?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका स्नेह्यांनी, वृद्ध आईंना जुलाब सुरू झाल्यावर, ओआरएसऐवजी (पाण्यात विरघळवायच्या क्षार-ग्लुकोजच्या पुडीऐवजी) खाली गाडीवर मिळणारे शहाळेच का देऊ नये, असे विचारले.

प्रथम क्षारांचे पाहू, कारण खरा फरक तेथेच आहे. जुलाबात पाण्याबरोबर मुख्यतः सोडियम जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार ओआरएसच्या एक लिटर द्रावणात ७५ मिलिमोल (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) सोडियम आणि तेवढेच ग्लुकोज असते; हे समप्रमाण हेतुपुरस्सर ठेवलेले आहे, कारण आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी. शहाळ्यात सोडियम कमी व पोटॅशियम बरेच जास्त असते, शिवाय त्याचे प्रमाण प्रत्येक नारळागणिक बदलते. म्हणूनच मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखे (लघवी वाढवणारे, पण पोटॅशियम शरीरातच राखणारे) औषध घेणाऱ्या, म्हणजे ज्याच्या शरीरात पोटॅशियम साठू शकते अशा रुग्णाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

खर्चात पुडी स्वस्त. श्रम मात्र तिलाच अधिक: एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी लागते (पेल्यात चिमूट-चिमूट टाकण्याची सवय चुकीची आहे) आणि २४ तासांनी उरलेले द्रावण ओतून द्यावे लागते. चवीत शहाळे सरस, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तेव्हा जुलाब-उलट्या चालू असताना पुडीच द्यावी. मूत्रपिंड ठीक असलेल्या, उन्हातून आलेल्या किंवा बरे होऊन जेवू लागलेल्या माणसाला शहाळे चालेल. हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा असल्यास दोन्ही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच द्यावे, आणि लघवी फार कमी झाली किंवा गुंगी आली, तर थेट रुग्णालय गाठावे.