व्हर्टस जीटी: गिअर हाताने टाकायचा की डीएसजीवर सोडायचा?

मावसभाऊ वाकडला राहतो, ऑफिस खराडीला. गेले दोन महिने रात्री साडेनऊला त्याचा फोन येतो आणि प्रश्न एकच: "दादा, मॅन्युअल घेऊ का डीएसजी?" गाडी ठरली आहे, फोक्सवॅगन व्हर्टस, दीड लिटरवाली, म्हणजे जीटी. रंग ठरलाय. घोडं अडलंय ते गिअरबॉक्सवर: गिअर हाताने टाकायचा मॅन्युअल, की गिअर आपणहून बदलणारी डीएसजी. त्याला तुकड्यातुकड्यांत जे सांगत आलो ते एकदा सलग लिहून काढतो. हा घोळ एकट्या त्याचा नाही, हे माझ्या ओळखीतल्या आणखी तिघांकडे बघून कळतंय.

आधी गाडीबद्दल दोन शब्द. व्हर्टस चाकणलाच बनते, २०२२ पासून. इंजिन १४९८ सीसी, टर्बो पेट्रोल, १५० पीएस, म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २५० एनएम, आणि तो १६०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) पूर्ण हातात येतो, ३५०० पर्यंत तसाच राहतो. ह्या इंजिनाला एकतर सहा गिअरचा मॅन्युअल, नाहीतर सात गिअरची डीएसजी. धाकटं एक लिटरचं इंजिनही आहे, ११५ पीएस आणि १७८ एनएमचं. त्याला मॅन्युअलबरोबर सहा गिअरची वेगळीच ऑटोमॅटिक मिळते, टॉर्क कन्व्हर्टरवाली. शोरूममध्ये ह्या दोन्हींना सरसकट "ऑटोमॅटिक" म्हणतात. निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.

डीएसजी म्हणजे खरं तर क्लच असलेला गिअरबॉक्सच, फक्त क्लच एक नाही, दोन आहेत आणि ते दाबायला तुमचा पाय नाही, कॉम्प्युटर आहे. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही तिसऱ्यात वेग घेताय तेव्हा चौथा आधीच लावून तयार ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सोडतो, दुसरा धरतो. मधे ओढ तुटत नाही. कितीही सराईत हात असू द्या, माणसाला हे जमणार नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. थांबून निघताना ताकद त्या तेलातून पलीकडे जाते. जरा आळसावलेली वाटते, पण हळू सरकताना तिथे घासायला काही नसतं.

आता मुख्य मुद्दा. व्हर्टसच्या डीएसजीतले दोन्ही क्लच कोरडे आहेत. तेलात बुडालेले नाहीत. ते थंड होतात ते आजूबाजूच्या हवेनेच. मोकळ्या रस्त्यावर ह्याने काही बिघडत नाही. पण संध्याकाळी साडेसहाला विद्यापीठ चौकाच्या अलीकडे गाडी ताशी तीन-चार किलोमीटरने सरकत असते, तेव्हा पहिला गिअर पूर्ण धरताही येत नाही आणि सोडताही येत नाही. क्लच अर्धवट घासत राहतो. आपण मॅन्युअलमध्ये ज्याला हाफ क्लच म्हणतो आणि शिकवणारा ज्याबद्दल ओरडायचा, तेच काम डीएसजी तुमच्या वतीने, तुम्हाला न सांगता, तासभर करत बसते.

म्हणजे गंमत बघा. दहातले आठ लोक डीएसजी घेतात ते "ट्रॅफिकमध्ये पाय दुखतो" म्हणून. आणि ज्या ट्रॅफिकसाठी ती घ्यायची, त्याच ट्रॅफिकचा तिला सगळ्यात जास्त वैताग. ह्या जातीच्या सात गिअरच्या कोरड्या डीएसजीच्या तक्रारींवरून २०१३ मध्ये चीनमध्ये कंपनीला पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्यानंतर गिअरबॉक्समध्ये बऱ्याच सुधारणा झाल्या, तेव्हा आजच्या गाडीला त्या जुन्या पापाचं माप लावायचं कारण नाही. पण कोरडा क्लच आणि उष्णता हे नातं काही बदललेलं नाही.

तरी घ्यायचीच असेल आणि रोज गर्दीतून जायचं असेल, तर चालवायची पद्धत बदला. पुढची गाडी सरकली की लगेच फूटभर सरकू नका. थोडी जागा होऊ द्या, मग एकदम सुटा, म्हणजे क्लच पूर्ण धरेल. थांबल्यावर ब्रेक नीट दाबा. अर्धवट ब्रेकवर गाडी पुढे रेटत राहते आणि क्लच घासतो. पक्का दाबला की तो क्लच उघडतो. सिग्नलला दरवेळी न्यूट्रल करावं की नाही, ह्यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. ब्रेक पक्का असेल तर त्या भांडणात फारसा दम नाही. आणि चढावर रांगेत अडकलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही. कधीच नाही. मागून हॉर्न वाजणार, जागा सोडली म्हणून एखादी रिक्षा मधे घुसणार. घुसू दे.

मॅन्युअलचं ट्रॅफिकमधलं दुःख वेगळं सांगायला नको. डावा पाय. ह्या गाडीच्या क्लचचा प्रवास मला लांबच वाटला. पेडल जड नाही, पण दीड तासात शेकडो वेळा तळापर्यंत न्यायचं तर मांडी बोलायला लागते. एक सवलत मात्र ह्या इंजिनाने दिलीय. १६०० आरपीएमलाच टॉर्क असल्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये बरंच काही निभतं, दर स्पीडब्रेकरला पहिल्यावर यावं लागत नाही. त्या १६००च्या खाली मात्र टर्बो झोपलेला असतो. तिथे दुसऱ्यात राहायचा हट्ट केलात तर गाडी खोकते आणि शेजारी बसलेलं माणूस तुमच्याकडे बघतं.

इथवर वाचून मॅन्युअलच बरा असं वाटत असेल तर थांबा, कारण आता घाट आहे.

ताम्हिणी घ्या. मुळशीचं पाणी मागे टाकलं की वळणं सुरू होतात, आणि पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, सकाळी साडेसहाच्या आत गेलात तर रस्ता तुमचा. मी दोन्ही गाड्या तिथे चालवल्या, पंधरा दिवसांच्या अंतराने. डीएसजी "डी"मध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हवर, निराश करते. पेट्रोल वाचवायचा तिचा स्वभाव. पन्नासच्या वेगाला पाचव्यात जाऊन बसते आणि वळणातून बाहेर पडताना पाय दिला की क्षणभर विचारात पडते. ह्या विचाराचं कारणही त्या दोन क्लचमध्येच आहे. तिने पुढचा गिअर तयार ठेवलेला असतो तुमच्या चालीचा अंदाज बांधून. अंदाज बरोबर असेल तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम झालेलं असतं. चुकला, किंवा पाचव्यावरून थेट तिसरा हवा असेल, म्हणजे दोन्ही गिअर एकाच क्लचवर, तर तिला इकडचं तिकडे करावं लागतं.

"एस"मध्ये, म्हणजे स्पोर्टवर, टाका, चित्र पालटतं. गिअर धरून ठेवते, ब्रेक लावला की स्वतःच खालचा टाकते. स्टीअरिंगमागच्या पॅडलने, म्हणजे बोटाने गिअर बदलायच्या पट्ट्यांनी, आपण आधीच सांगून ठेवलं तर आणखी मजा. दोन्ही हात स्टीअरिंगवर, डोळे वळणावर, आणि गाडी प्रत्येक वळणातून अगदी हव्या त्या आरपीएमला बाहेर. घड्याळ लावलंत तर डीएसजीच पुढे असेल, माझ्याबाबतीत तरी नक्की. शिवाय ती चूक करू देत नाही. मॅन्युअलमध्ये घाईघाईत पाचव्याऐवजी तिसरा पडला तर इंजिनाचं जे व्हायचं ते होतं; डीएसजी असा हुकूम सरळ नाकारते.

आणि तरी परत येताना, मॅन्युअलमधून उतरल्यावर, मी पौडला चहाच्या टपरीवर उभा राहून उगाच हसत होतो. डीएसजीच्या दिवशी तसं झालं नव्हतं.

ह्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. वळणाआधी ब्रेक, क्लच, तिसऱ्यावरून दुसरा, ॲक्सिलरेटरला एक टिचकी म्हणजे इंजिनाचे फेरे गिअरशी जुळतील, मग क्लच सोडायचा. नीट जमलं तर गाडीला हिसका बसत नाही. दहा वळणांत तीनदाच जमतं. ती तीन वळणं घरी येईपर्यंत डोक्यात असतात. जुन्या एसटीचे चालक डबल क्लच मारून, म्हणजे एका गिअरला दोनदा क्लच दाबून, अख्खी गाडी वरंध्यातून उतरवायचे, तेव्हा त्यांना कोणी स्पोर्टी म्हणत नव्हतं. पण कौशल्य त्याच घराण्यातलं.

वेग आणि मजा ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पोर्शेलाही गिऱ्हाइकांकडूनच शिकावं लागलं. २०१३ ची ९११ जीटी३ त्यांनी फक्त पीडीके ह्या दोन क्लचच्या गिअरबॉक्ससह आणली. ती मॅन्युअलपेक्षा जलद होती ह्यात वाद नव्हता. तरी चाहते चिडले. २०१६ मध्ये फक्त मॅन्युअलवाली ९११ आर आली, ९९१ गाड्यांची, तिच्यावर उड्या पडल्या; २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत आला. आपल्याकडे प्रवाह उलटा आहे. २०१५ ची फियाटची अबार्थ पुंटो, आपल्या रांजणगावची, १४५ पीएसची, मॅन्युअलशिवाय मिळतच नव्हती. २०२५ मध्ये आलेली गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएस, दोन्ही २६५ पीएसच्या, फक्त डीएसजीसह आल्या. तेव्हा तीन पेडलवाली दीडशे पीएसची सेडान ही चीज पुढच्या खेपेला शोरूममध्ये असेलच असं धरून चालू नका. मावसभावाला हे वाक्य मी मुद्दाम दोनदा सांगितलंय. थोडं भावनिक ब्लॅकमेल आहे, कबूल.

घाट उतरण्याबद्दल एक. "ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा" हा नियम डीएसजीलाही लागू आहे. "डी"मध्ये ठेवून आंबेनळी उतरत नुसत्या ब्रेकवर बसलात तर खाली पोलादपूरला ब्रेकचा वास येईल. पॅडलने दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा. ऑटोमॅटिक घेतलेल्या कित्येकांना पॅडल ह्यासाठीही आहेत हे ठाऊकच नसतं.

खिसा. डीएसजी साधारण दीड लाखाने महाग. अव्हरेजमध्ये दोघींत भांडण्याएवढा फरक नाही, तो मुद्दा सोडूनच द्या. दुरुस्तीत मात्र जमीन-अस्मान. मॅन्युअलची क्लचप्लेट हा हजारांतला खर्च आहे आणि कुठलाही बरा गॅरेजवाला ती बदलतो. डीएसजीचं मेकाट्रॉनिक, म्हणजे तिचा मेंदू आणि हात एकत्र, गेलं तर गोष्ट लाखांत जाते आणि काम अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच. म्हणून डीएसजी घेणाऱ्याने वाढीव वॉरंटीचे पैसे गाडीच्या किमतीतच धरावेत. मॅन्युअलवाल्यांनी फार हुरळून जाऊ नये. माझ्या आधीच्या गाडीची क्लचप्लेट मीच जाळलीय, खंबाटकीच्या चढावर, मे महिन्यात, एका उसाच्या ट्रॉलीमागे हाफ क्लचवर लटकत. वास आला तेव्हा मी ट्रॉलीला शिव्या देत होतो.

आणखी एक, रीमॅप करणाऱ्यांसाठी, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवणाऱ्यांसाठी. इंजिन २५० एनएम देतं आणि ह्या डीएसजीची क्षमताही २५० एनएमच आहे. वर काही शिल्लक ठेवलेलं नाही. "स्टेज वन"ची, म्हणजे रीमॅपच्या पहिल्या पायरीची, स्वप्नं पडत असतील तर कुठल्या गिअरबॉक्सवर पडतायत ते आधी बघा.

तर कोणी काय घ्यावं? माझा कौल असा. घरात दुसरी गाडी किंवा स्कूटर आहे, ऑफिस जवळ किंवा मेट्रोच्या वाटेवर आहे, आणि ही गाडी मुख्यतः शनिवार-रविवारची: डोळे मिटून मॅन्युअल. महिन्यातून दोनतीनदा कोल्हापूर, नाशिक, गोवा होतं, शहरातला वावर बेताचा, आणि वेगाची खरी हौस आहे: डीएसजी, आणि बहुतेक वेळ "एस"मध्ये. रोज तीन तास हिंजवडी किंवा घोडबंदर रोडच्या रांगेत काढायचे आहेत आणि पायाला आराम एवढंच हवंय: मग दीड लिटरच सोडा, एक लिटरची टॉर्क कन्व्हर्टर चालवून बघा. पस्तीस पीएस कमी आहेत हे खरं, पण त्या रांगेत ते पस्तीस तुम्ही वापरणार कुठे? हा सल्ला कोणालाच आवडत नाही, कारण त्यात जीटीचा बिल्ला जातो. लाल बिल्ल्यासाठी माणसं काय काय करतात, मावसभावाकडे बघून सांगतो.

त्याला मी शेवटी एवढंच म्हटलं की टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नकोस. सेल्समन तुला बाणेरच्या मोकळ्या रस्त्यावर नेईल आणि दोन्ही गाड्या आवडतील. शुक्रवारी संध्याकाळी सहाला घे, विद्यापीठाकडे वळव, अर्धा तास अडकून राहा. बायकोलाही चालवायला दे, गाडी तीही वापरणार आहे.

त्याने ऐकलं. शुक्रवारी रात्री साडेनऊला फोन आला नाही. शनिवारी सकाळी आला, तिचा.

"दादा, मॅन्युअल मला चालेल," ती म्हणाली, "पण ऑफिसला तो बसने जाणार असेल तरच. त्याला तुम्ही सांगा."